मुख्य वापरकर्ता

३ मार्च, सोमवार
गाडी आली. विजेवर चालते. तीन वर्षं इंटरनेट गाडीसोबतच, अपडेटही हवेतून आपोआप. रोज एक फीचर शिकायचं, असा निश्चय. शोरूममध्ये मोबाइल नंबर मागितला तेव्हा माझ्या फोनने नेमकी मान टाकलेली. हिचा नंबर दिला. ॲप हिच्या फोनवर आलं. काय फरक पडतो, घर एकच. हिचं म्हणणं एवढंच, की गुरुवारी नऊला डोळ्याच्या ऑपरेशनला वेळेवर न्या म्हणजे झालं. म्हटलं, अगं, त्यासाठीच तर घेतली. अगदी त्यासाठीच नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

६ मार्च, गुरुवार, सकाळी ७.५०
पहिलं अपडेट आलं. संमती हिच्या फोनवर मागतात. ही अंघोळीला गेलेली. मीच दाबलं बटण. पंचवीस मिनिटं लागतील म्हणतात. वेळच वेळ आहे.

८.४५
३८ टक्के. तोवर गाडी जागची हलत नाही. मध्येच दार उघडू नये असं पुस्तिकेत लिहिलंय, म्हणून आत बसून आहे. हिने तयार होऊन येऊन काचेवर तीनदा टकटक केलं. मी दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. तिला कळलं नसावं, एका डोळ्याने धूसरच दिसतं.

९.१०
खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर हिला त्याच्या पेट्रोलच्या खटाऱ्यातून घेऊन गेला. धूर किती तो. लोकांना दम म्हणून निघत नाही.

१०.०५
अपडेट यशस्वी. वायपर आता जास्त हळुवार चालतात. पाऊस नाहीये, तरी फरक जाणवला.

७ मार्च
ऑपरेशन व्यवस्थित झालं. लेकीने हिला परस्पर स्वतःच्या घरी नेलं. बरोबरच आहे. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, आणि माझा हात जड. आठ दिवसांत येईल. जावयाला फोनवर अडतीस टक्क्यांचं सगळं समजावून सांगितलं. तो नुसतं हं म्हणाला. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो म्हणे.

१५ मार्च
आठ दिवस म्हणजे आपलं ढोबळमानाने.
ॲपवाला फोन हिच्याबरोबर गेलेला. आठ दिवस तो गाडीजवळ नाही, म्हणून आज स्क्रीनवर पाहतो तर मी 'अतिथी चालक'. ऑफिसात एकतीस वर्षं माझ्या सहीशिवाय कागद हलला नाही, आणि स्वतःच्या गाडीत मी पाहुणा. ऐंशीच्या वर वेग नाही, नकाशा नाही, नवीन अपडेट नाही. हेल्पलाइनला फोन लावला. तिथे एकच बाई दर वेळी लागते आणि दर वेळी थांबवून ठेवते, मी तिला होल्डबाई म्हणतो. होल्डबाई म्हणाली, मॅडमनी एक बटण दाबलं की तुम्हीच मुख्य वापरकर्ते. मी म्हटलं, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, स्क्रीन बघता येत नाही. कधी झालं, तिने विचारलं. सांगितलं. तर म्हणे, माझी आई तिसऱ्या दिवशी टीव्ही बघत होती. आगाऊ कुठली.

१६ मार्च
निश्चय: आपण फोन करायचा नाही. आत्ता केला तर हिला वाटेल, बटणासाठी केला. तिनेच करावा. तिला काय, वेळच वेळ आहे.

२० मार्च
युक्ती सुचली. गाडी कुठे आहे ते हिच्या फोनवर दिसतं. लेकीच्या इमारतीखाली पाऊण तास उभा राहिलो. ठिपका बघून ही खिडकीत येईलच. तिसऱ्या मजल्यावरचा पडदा हलला. पंखा असावा.

२१, २२ मार्च
तेच. बॅटरी अकरा टक्के.

२३ मार्च
जावई खाली आला. म्हणाला, आई रोज विचारतात, बाबा खाली का बसतात, वर का येत नाहीत. चला, चहा टाकलाय त्यांनी. मी म्हटलं, या भागात नेटवर्क कसं येतं ते तपासतोय. छान येतं. मग चार्जिंगचं निमित्त करून निघालो. असं एकदम वर कसं जायचं? समोर बसून काय बोलायचं ते ठरलंच नव्हतं.

२६ मार्च
केला फोन. आधी कागदावर तीन मुद्दे काढले. एक, त्या दिवशी तुझी गैरसोय झाली. ('चुकलं' लिहिलं होतं, खोडलं. उगाच मोठं वाटतं.) दोन, कधी येतेस. तीन, बटण. सोप्यापासून सुरुवात करावी म्हणून तिसऱ्यापासून केली. हिने शांतपणे ऐकून घेतलं. विचारलं, एवढंच ना? मी म्हटलं, हो, एवढंच. एक मिनिट बारा सेकंद. बोलणं चांगलं झालं. उरलेले दोन मुद्दे ती आली की निवांत.

२८ मार्च, सकाळी १०
काम झालं. गाडी सुरू करताच स्क्रीनवर 'मुख्य वापरकर्ता' आणि पुढे माझं नाव. आज हिला आणायला जायचं. गाडी आधीच गार करून ठेवायची, म्हणजे ऊन लागायला नको. ती उतरताना दातांच्या डॉक्टरने बघितलं पाहिजे.

११.३०
स्क्रीनवर माझ्या नावाखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. आधीच्या वापरकर्त्याने या गाडीवरून स्वतःची नोंद काढून टाकली आहे.
जावयाला फोन केला. म्हटलं, तुझा हात चुकून लागला असेल. म्हणाला, नाही बाबा, आईंनी स्वतः केलं. चष्म्याशिवाय वाचलं सगळं. दुसऱ्या वापरकर्त्या म्हणून राहायचं का, असंही फोनने विचारलं होतं. आई म्हणाल्या, मला कशाला.
होल्डबाईला लावला. म्हटलं, हिला परत आत घ्यायचंय. म्हणाली, सोपं आहे सर, फक्त मॅडमची संमती लागेल.
मी म्हटलं, ती मिळायची नाही.
बोलून गेलो. इतके दिवस हे इथेही लिहिलं नव्हतं.