दारावरची दहा मिनिटं

ताई,

परवा सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "हिचं काम काय, विद्यापीठात दार उघडायचं." मी हसण्यावारी नेलं, पण मनाला लागलं. म्हणून सांगते.

आमच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत शाळकरी मुलांचं लक्ष किती टिकतं ते तपासतात. मंगळवारी आणि गुरुवारी येणारी मुलं इतरांपेक्षा बरीच पुढे निघायला लागली. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी संगणक तपासले, दिवे बदलले, तरी उलगडा होईना. शेवटी त्यांच्या लक्षात आलं, की त्या दोन दिवशी दारावर मी असते.

मला वाटलं, गेली नोकरी. मॅडमनी विचारलं, "मुलांशी तुम्ही काय बोलता?"

"काही नाही हो. आज तुला कोण काय बोललं, एवढं विचारते आणि ऐकून घेते."

आता चाचणीआधी प्रत्येक मुलाला दहा मिनिटं माझ्याजवळ बसवतात. शोधनिबंधात तसं छापून आलंय. पीएचडी करणारे दोघं माझ्या शेजारी बसून ऐकायचं कसं ते शिकतात.

एक गोष्ट मात्र मी मॅडमना सांगितली नाही. मी शाळेतून तोंड पाडून आले, की तू माझं दप्तर उतरवून घ्यायचीस आणि जिन्यात बसवून हेच विचारायचीस. माझं बोलून होईपर्यंत उठायची नाहीस. तू विसरली असशील.

हे वाचलंस तर सगळं श्रेय स्वतःकडे घेशील. ते आहेही तुझंच. म्हणून तर हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही.

तुझी,
दार उघडणारी धाकटी