तांबडं कांबळं

फ्रँकफुर्ट, ३ सप्टेंबर १९३६

ती. ओटिलीताईस लॅम्बर्टचा सा. न. वि. वि.

सोमवारी पुन्हा ब्राझीलला निघतोय. परतताना अठरा तारखेला दुपारी आपलं हवाई जहाज घरावरूनच जाईल. जहाज वरखाली करायचं उंचीचं चाक माझ्या हाती, त्यामुळे मला खाली बघायला सवड नसते. माझ्या शेजारी उभा असणारा सोबती योस्ट दुर्बिणीतून बघून सांगेल. आईच्या छातीचं दुखणं आहे, तेव्हा मागच्याच खुणा ठेवू: ठीक असेल तर दोरीवर तांबडं कांबळं, नाही तर पांढरी चादर. कांबळं तिलाच टाकू दे, तेवढंच हातपाय हलतील.

तिने दिलेली मुरांब्याची बरणी मागच्या खेपेला काट्यावर अडली. आपलं जहाज वायूवर तरंगतं, म्हणून चढताना माणसांनाही तोलतात, तिथे बरणी कोण सोडतो? मग तोलून झालेल्या आम्ही चौघांनी ती तिथेच चाटूनपुसून संपवली. मुरांबा वर गेलाच, फक्त बरणी खाली राहिली.

लोभ आहे तसाच राहू दे, ही विनंती.

तुझा लॅम्बर्ट

ब्रायझाख, ५ सप्टेंबर १९३६

चि. लॅम्बर्ट यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून आईने लगेच कांबळं टाकून पाहिलं. नेहमीसारखंच तिरकं, एक टोक चिखलात. मी सरळ करायला गेले तर म्हणाली, हात लावू नकोस, तू टाकलेलं कवायतीला उभं राहिल्यासारखं दिसतं. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं, तर त्यांनाच विचारते, माझा मुलगा ढगात चढतो, त्याला का नाही अडवत?

तुझ्या चाकाविषयी मात्र रोज विचारते. हात जरा चुकला तर काय होईल, हे तिला कोणी सांगितलं? तूच सांगितलं असशील, बढाईखोरा.

जिवाला जप. लोभ वाढवायला जागाच उरलेली नाही, आहे तो सांभाळ.

तुझी ओटिली

ब्रायझाख, १६ सप्टेंबर १९३६

चि. लॅम्बर्ट यास आशीर्वाद.

हे पत्र तुला उतरल्यावर कचेरीत मिळेल. परवा सकाळी आई गेली. उद्या पुरायचं आहे. तू अजून समुद्रावर असशील.

तरी अठराला मी तांबडंच कांबळं टाकणार आहे. तिनेच बजावून ठेवलं होतं. म्हणाली, त्याच्या हातात पन्नास माणसं आहेत, आधी ती उतरू देत. मला खोटं बोलणं जमत नाही, तुला ठाऊकच आहे. रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव, तिच्यावर नको.

आता आपण दोघंच. लोभ असू दे रे.

ओटिली

फ्रँकफुर्ट, १८ सप्टेंबर १९३६

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रविवारपर्यंत जहाजाची तपासणी आहे, सोमवारी पहिल्या गाडीने येतो.

योस्ट दुर्बीण लावून ओरडला, तांबडं आहे, लॅम्बर्ट, तांबडं! मी विचारलं, कसं टाकलंय? तो म्हणाला, एकदम सरळ, चारही टोकं सारखी.

हे आईचं टाकणं नव्हे, तेव्हाच ओळखलं. कप्तानाला सांगितलं असतं तर त्याने चाक लगेच दुसऱ्याला दिलं असतं. पण आईने तुला तांबडं कांबळं कशासाठी टाकायला लावलं असेल, ते मला कळलं होतं. मग दोन तास मी फक्त उंची दाखवणाऱ्या काट्याकडे बघत राहिलो. माणसं उतरली, एका बाईने तर जहाज जमिनीला कधी टेकलं तेच कळलं नाही म्हणून माझे आभार मानले.

कांबळं काढू नकोस. सोमवारी मी येऊन तिरकं करीन.

तुझा लॅम्बर्ट