रंग दारात बघायचा

आप्पा, मी घरात समुद्राचं पाणी ठेवलंय. हसाल तुम्ही. चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या सोलापुरात फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवून काचेची टाकी भरायची आणि त्यात मासे नि जिवंत पोवळी वाढवायची, हे उद्योग निवृत्तीनंतर मलाच सुचायचे. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, लोणचं घालतीस का मासे पाळतीस?" आता तीच रोज दुपारी खुर्ची ओढून टाकीसमोर बसते.

दिवा निवडताना मात्र मी तुमचं नाव घालवलं. दुकानात निळ्या दिव्याखाली पोवळी अशी काही झगमगत होती की मी भुललेच. घरीही निळा उजेड पुरता, पांढरा जवळजवळ बंद, आणि आल्यागेल्याला दाखवायच्या हौसेपायी दिवा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चालू. माशांना खाणंही सढळ हातानं. मग गेल्या महिन्यात एका सकाळी लाईट गेली. खिडकी उघडली आणि बघते तर काय, दगडांवर, पोवळ्यांच्या बुडाशी केसांसारखं हिरवं शेवाळ माजलेलं. निळ्या उजेडात ते किती दिवस माझ्या नाकाखाली वाढत होतं कोण जाणे.

तुमचा चादरीच्या कारखान्यातला रंगखाना आठवला. मी सातवीत आहे, तुमचा डबा घेऊन आलेय. तुमचे हात कोपरापर्यंत लाल. तुम्ही सुताच्या दोन लडी माझ्यापुढे धरता, "सारख्या हायेत का?" मी ट्यूबलाईटखाली बघून ठसक्यात "व्हय" म्हणते. तुम्ही मनगट धरून मला दारात नेता. उन्हात एक लड मरून रंगाची, दुसरी चक्क विटकरी. "हितं बघायचं. दिव्याखाली रंग बघतो तो रंगारी न्हाय, गिऱ्हाईक हाय," म्हणालात, तेही सगळ्या कामगारांसमोर. ते हसले आणि मला तुमचा इतका राग आला की रिकामा डबा न घेताच मी घरी गेले.

शेवाळ आता आटोक्यात येतंय. दिवा आठच तास, खाणं निम्मं. जुन्या टूथब्रशनं दगड घासते, दर आठवड्याला थोडं पाणी बदलते. सकाळी दिवा लावायच्या आधी खिडकी उघडून बघते. एक पोवळं गेलं, बाकीची बहुतेक वाचतील.

पण हे सांगायला मी लिहायला बसले नाही. तुमच्या शेवटच्या वर्षी मी सुट्टीला घरी आले होते. संध्याकाळी स्वयंपाकघरात पिवळ्या बल्बखाली तुम्ही आमटीत भाकरी कुस्करत होता. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांचे डोळे पिवळे वाटतेत का गं?" मी म्हणाले, "बल्बचा उजेड आहे तो, आई." रंगाऱ्याची पोर मी. तिनं माझ्या नजरेवर विश्वास ठेवला. दहा-बारा दिवस तसेच गेले. मग डॉक्टर म्हणाले, कावीळ फार पुढं गेलीय, थोडं आधी आणायला हवं होतं.

आई ते विचारल्याचं विसरून गेलीय. काल टाकीसमोर बसून म्हणाली, "तुला शेवाळ तरी दिसलं. मला ह्यांचे डोळे दिसलेच न्हाईत बघ. रोज समोरच बसत व्हते की." बावीस वर्षं ती हे स्वतःवर घेतेय. मी तिथंच काच पुसत उभी होते. "तुला दिसले होते, आई," एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, पण आई शेजारच्या खोलीत आहे, तिला वाचून दाखवता येईल. तेही माझ्यानं होणार नाही. खरं सांगते आप्पा, तिला आठवत नाही, याचं काल मला बरं वाटलं.