तू आधी जेवायचीस

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता मुलुंडच्या एका हॉलमध्ये तुला पुन्हा मारलं. मारणारी माझीच नात. त्याबद्दल तिला शाल आणि ट्रॉफी मिळाली. हे मी सांगतेय आणि तीच लिहून घेतेय, तोंड वाकडं करून. मला अक्षर येत नाही, नाहीतर तिला विचारलं असतं कोणी?

दर रविवारी ती अंधेरीला कार्यशाळेला जाते. तिथे गोष्टी लिहायला शिकवतात. सर म्हणाले, घरातली एखादी सोसलेली बाई आणा. जशी काय बाजारातून मेथीच आणायचीय. म्हणून ही माझ्यापाशी आली, पणजीचं सांग म्हणाली. मी हौसेने सांगितलं. घाटकोपरची आपली खोली, तुझी खाणावळ, कारखान्यातले गाववाले मेंबर भिंतीला पाठ लावून ताटाची वाट बघतायत, आणि तू स्टोपाशी बसून सगळ्यांच्या देखत आधी स्वतः जेवतेयस. सुरमईचं डोकं तुझ्याच ताटात. एक नवा मेंबर कुरकुरतो, "मावशे, गिऱ्हाईक मागून काय?" तू चोखणं थांबवत नाहीस. "उपाशी रवान तुका वाढूक मी काय तुझी बायल? गप बस." तो गप बसतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. ऐकताना नात पोट धरून हसली होती.

सरांना मात्र जेवणारी बाई चालेना. वाचकाचे डोळे भरले पाहिजेत, स्पर्धेत हसरं टिकत नाही, म्हणाले. हिने मान डोलावली. बक्षिसाच्या दिवशी मला पुढच्या रांगेत बसवून हिने गोष्ट वाचली, तर त्यात तू सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याला चिकटलेला रस्सा भाकरीने पुसून खातेस आणि कोणाशी काही बोलत नाहीस. तू. बोलत नाहीस. परीक्षकबाईंनी चष्मा पुसला, मूक मातृत्व म्हणाल्या. सर माझ्या पाया पडायला वाकले. म्हटलं, "ते राहू द्या. माझ्या आईच्या ताटातली सुरमई कोणी खाल्ली ते सांगा." ते हसले. म्हातारी विनोदी आहे, असं वाटलं असेल.

"आजी, गोष्टीत असं चालतं गं," नात आत्ताही म्हणतेय. चालतं ना? मग आज तूच सगळ्यांच्या मागून जेव, पातेलं पुसून, म्हटलं तिला.

तुझा एक फोटो नाही, आये. ते मेंबरही गेले. तुला जेवताना बघितलेली मी एकटी उरलेय. आता ती गोष्ट पुस्तकात छापतायत. माझ्यामागून हिची पोरं तेच वाचतील आणि आमची पणजी उपाशी राहायची म्हणून सांगत सुटतील. छापायच्या आधी बदल म्हटलं, तर म्हणते सरांना विचारते. म्हणजे माझ्या आईने आधी जेवायचं की मागून, ते सर ठरवणार.

आणि बघ, लिहिता लिहिता विचारतेय, गेलेल्या माणसाला पत्र अशीही एक स्पर्धा आहे, हे पाठवू का? अजिबात नाही. हे पिठाच्या डब्याखाली राहील. त्या सरांच्या हातात परत तुला द्यायची नाही.

एक राहिलं. हे नीट लिही गं. हॉलमध्ये सगळे रडले तेव्हा मीही पदर डोळ्याला लावला. गोष्टीत तू पातेलं पुसत होतीस, आये, तिथेच. तू तसं एकदाही केलं नाहीस हे पक्कं ठाऊक असून.