एकतिसावं कार्ड

९ मार्च, रविवार सकाळ

प्रिय ठमे,
आशीर्वाद. पन्नाशीला आलेल्या बाईला ठमी म्हणू नये हे कळतं, पण दुसरं नाव माझ्या तोंडी बसत नाही. इकडे सगळे ठीक. तुझ्या भावजींचा गुडघा कुरकुरतो, तेही कुरकुरतात.

तीन वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही चार ओळींचं. पोस्टातल्या काउंटरवरून सुटलीस की संध्याकाळी लिहायला बसणार आहेस, आणि कादंबरीचा आराखडा आधी कसा करतात ते विचारतेस. मला फार बरं वाटलं. वर 'ताई' लिहून खोडलेलंही दिसलं. छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासली, खोडलेलं मला आधी वाचता येतं.

तर ऐक. आधी ठरव, कोणाला काय हवंय आणि ते मिळालं नाही तर त्याचं काय होईल. एवढं जमलं नाही तर पुढचं सगळं पाण्यात. मग पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे काप. एका पुठ्ठ्यावर एकच प्रसंग, तीन ओळींत. मी ते मागच्या गॅलरीत दोरीला चिमट्यांनी लावते. भावजी म्हणतात, "घरात कपडे वाळत घालायला जागा नाही, आणि हिची गोष्ट वाळतेय." रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत जायचं. एखादं कार्ड काढलं आणि काहीच अडलं नाही, तर ते फाडायचं. हळहळायचं नाही.

शेवटचं कार्ड मी सगळ्यांत आधी लिहिते. आधी कळस मग पाया, पण मला तसंच जमतं. निदान तसं मी समजत होते.

माझी कादंबरी कुठवर आली असं तू विचारलं नाहीस, बाकी सगळे विचारतात. मी "चाललीय" म्हणते. ती चाललेली नाही. एक पानही लिहिलेलं नाही, नुसती कार्डं आहेत. गोष्ट एका आईची आणि तिच्या दोन मुलींची. शेवटच्या, एकतिसाव्या कार्डावर आई जाते. थोरली वेळेवर पोचते, हात हातात घेते, आई तिला ओळखते.

तीन वर्षांपूर्वी आपली आई अंथरुणाला खिळली होती, त्या मंगळवारी तुझा फोन आला, "ताई, आता ये." मी म्हणाले, छापखान्यात काम आहे, चार दिवसांत येते. काम काहीच नव्हतं गं. मी तेविसाव्या कार्डावर होते. आई एकतिसाव्यात जाणार होती ना. आईच्या आजारपणाचा आराखडा मीच केलाय अशा थाटात मी चोविसावं लिहायला बसले. चौथ्या दिवशी पिशवी भरत होते तेव्हा तुझा पुन्हा फोन आला. तू एवढंच म्हणालीस, "आता सावकाश ये."

आता हे सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं. पण दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला आणि स्वतःची कबूल करायला तीन वर्षं लागली, याची मला लाज वाटते. तू रागावलीस ते बरोबरच होतं. मला तुझी फार आठवण येते.

सोबत कोरे पुठ्ठे पाठवते, आणि चिमटे. तुझ्या गावात मिळतात हे माहीत आहे, तरी पाठवते. आणि माझं एकतिसावं कार्ड. तीन वर्षं ते दोरीवरून काढवत नव्हतं, आज काढलं. ते खोटं आहे, पण त्याची मागची बाजू कोरी आहे. त्या खोलीत तू होतीस. तिथे काय झालं ते तू लिही, तुझ्या कादंबरीत घे नाहीतर नुसतं मला पाठव. आईने माझं नाव घेतलं का, हे मी तुला कधी विचारलं नाही. तेही लिही. घेतलं नसेल तर तसं लिही.

तुझी, खोडलेली का होईना,
ताई