आज कुरेनेकर कोण?

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा चेहरा आठवायला बसलं तर आधी आवाजच ऐकू येतो, आणि तोही हाक मारणारा. "ए, इकडे ये गं, जरा धर याला." पत्र कुठे पोचायचं नाही हे मला कळतं, वेड लागलेलं नाही. पण या घरात बोलायला कुणी नाही, आणि ज्यांच्याशी बोलावं ते लगेच डोळे मिटून प्रार्थना सुरू करतात. मी बंगळूरला असते, सर्जापूर रोडच्या आतल्या एका इमारतीत. सासूबाई पुढच्या खोलीत पडून आहेत. आत्ता त्यांची पेज झाली आहे, डोळा लागला आहे, आणि त्या जाग्या होईपर्यंतचा वेळ माझा. बाई, मी थकले आहे. झोपून उठलं की जातं तसलं थकणं नाही हे. सकाळी डोळे उघडतात तेव्हाच ते उशाशी बसलेलं असतं.

रविवारच्या शब्बाथशाळेतला माझा तो प्रश्न तुम्ही विसरला नसाल. उत्तम शुक्रवार जवळ आला होता आणि तुम्ही प्रभूच्या दुःखसहनाचा पाठ घेत होता. तो खाली कोसळतो, शिपायांना घाई असते, आणि ते रस्त्याने येणाऱ्या एका माणसाला वेठीला धरून त्याच्या खांद्यावर वधस्तंभ देतात. तो माणूस कुरेनेकर. आमच्या वर्गात एक संगमनेरकर होता, एक राहुरीकर होती, तुमच्या शेजारी बेलापूरकर राहायचे. मी हात वर करून विचारलं, "बाई, कुरेने कुठल्या तालुक्यात येतं?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मागे बसलेल्या पाळकीणबाईंनीही तोंडाला पदर लावला. तुम्ही हसला नाहीत. डस्टर टेबलावर आपटून म्हणालात, "हसता कशाला? तालुका कुठला का असेना, बिचारा आपल्या कामाला चालला होता. त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही." आणि मग माझ्याकडे बघून, "समुद्रापलीकडचं आहे गं ते. पण तुला आपल्यातला वाटला ना, वाटू दे."

पुढे तुम्ही माझी ती चूक घरी नेलीत. तुमचे भाऊ लिंबाच्या झाडावरून पडून कमरेखाली लुळे झालेले. त्यांना खाटेवरून उचलून न्हाणीतल्या खुर्चीवर बसवायचं तर दोन माणसं लागायची, आणि घरात तुम्ही एकट्या. शाळा सुटून मी भाकरी थापायला शिकायच्या निमित्ताने तुमच्या स्वयंपाकघरात असायचे. तुम्ही पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभ्या राहायचात आणि जो दिसेल त्याला आत ओढायचात. पोस्टमन, घोंगडीवाला, कधी चक्क शाळा तपासायला आलेले साहेब. लाज अशी नाहीच. आतून भाऊ ओरडून विचारायचे, "आज कुरेनेकर कोण?" एकदा मीच असते. त्यांचा उजवा हात माझ्या मानेत आहे, तुम्ही म्हणता, "पाठ वाकवू नकोस, गुडघ्यातून उठ," आणि ते माझ्या कानाशी म्हणतात, "कुरेनेकरबाई, पाडू नका हं." मला हसू आवरत नाही. नंतर सगळ्यांना गुळाचा चहा. तुमच्या घरात एक माणूस अंथरुणाला खिळलेला आहे, हे मला फार उशिरा समजलं.

इथे मी नेमकं उलटं केलं. आई, म्हणजे सासूबाई, मूळच्या सोलापूरच्या. आमच्याकडे राहायला आल्या आणि बाथरूममध्ये पडून खुबा मोडला. त्यातून उठतायत तोवर अर्धांग झालं. यांचं ऑफिस मारतहळ्ळीला. जाणं आणि येणं यातच दिवस संपतो, आणि घरी आले तरी कानात ते फोनचं यंत्र असतंच. शाळेतली नोकरी मी सोडली. कुणी सोडायला लावली नाही, पण सोडू नको असंही कुणी म्हणालं नाही. आमच्या मराठी मंडळीला उपासनेसाठी स्वतःचं देऊळ नाही. कन्नड मंडळीची उपासना आटोपली की त्यांच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. तिथले काका आणि दोन बायका महिन्यातून एकदा घरी प्रार्थनेला येतात. पहिल्या वेळी आईंच्या पलंगाभोवती उभं राहून काका म्हणाले, "प्रभू, हा वधस्तंभ वाहायला आमच्या ताईंना बळ दे." मी हमसून हमसून रडले. कुणीतरी पाहिलं, एवढंच मला पुरलं.

पण मग मला त्याची चटक लागली, बाई. बहिणीचा फोन आला की, "काय करणार, आपला वधस्तंभ आपणच वाहायचा." ओटा पुसताना तेच, चादर बदलताना तेच, आणि हळू आवाजात बोलावं हे कधी सुचलं नाही. शेजारच्या अक्का कितीदा म्हणाल्या, मी बसते थोडा वेळ, तुम्ही जरा बाहेर जाऊन या. मी आपली, "नको अक्का, जमेल मला." आईंसाठी कामाला बाई ठेवू या का, असं यांनी विचारलं तेव्हा मी असा काही चेहरा केला की पुन्हा विषय निघाला नाही.

यंदाच्या उत्तम शुक्रवारी मला उपासनेला जायचं होतं. यांनी गुड फ्रायडेची सुट्टी घेतली होती, पण ऐनवेळी परदेशातल्या कुणाचं काहीतरी अडलं आणि हे धावले. मी नेसलेल्या पांढऱ्या साडीत दारात उभी. तेवढ्यात अक्का लिफ्टमधून बाहेर आल्या, हातात भाजीची पिशवी, वर केळीच्या पानात बांधलेला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पिशवी आमच्याच दारात ठेवली.

"चर्च जाना है ना? आप होगी, जाके आओ. नान् इरतीनि, मैं बैठती."

"नको अक्का, तुमचा स्वयंपाक..."

"अय्यो, स्वल्प देर होता तो होता. जाओ!"

आणि त्यांनी मला खरोखर दाराबाहेर ढकललं. उपासनेत काय झालं ते विचारू नका. भिंतीला टेकून बसले होते, पहिल्या गीतातच डोळा लागला. उठले तेव्हा शेवटचा आशीर्वाद चालू होता आणि शेजारची बाई माझ्या खांद्याला धरून बसली होती, मी पडू नये म्हणून.

घरी आले तर दारातूनच हसण्याचा आवाज. आईंचे केस विंचरलेले, तेल लावून वेणी घातलेली, आणि त्या पांढऱ्या विरळ वेणीत मल्लिगे. दोघी कन्नडमध्ये, आईंच्या त्या सोलापुरी कन्नडमध्ये, काहीतरी बोलत होत्या आणि आई तोंडाच्या एका बाजूने हसत होत्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं ना? मला राग आला. आज दिवस कुठला, आणि विधवा बाई फुलं माळून खिदळतेय! अक्का "सरी, बर्तीनि" म्हणून गेल्या आणि मी गजरा काढायला हात पुढे केला. आईंनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे की गं. वास येतोय चांगला."

"आज उत्तम शुक्रवार आहे, आई."

"व्हय, ठाव हाय मला." शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो. "तुम्ही समदी हितं हुभं ऱ्हाता आन् वधस्तंभ, वधस्तंभ म्हनता. मला ऐकू येतंय की. मी काय लाकूड हाय व्हय?"

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी मनगट सोडलं नाही, आणि त्या पकडीत राग होता की आधार, ते मला अजून ठरवता येत नाही.

तेव्हापासून तुमचं घर डोक्यातून जात नाही. तुम्ही भावाला कधी वधस्तंभ म्हणाला नाहीत. मी आठवून आठवून पाहिलं. तुम्ही म्हणायचात "याला धर", "याला उचलायचंय". तुमच्या घरी जड होतं ते उचलणं होतं, न्हाणीचं पाणी, कंबरदुखी, पुन्हा उद्या तेच. भाऊ भाऊच होते आणि वर चहात गूळ कमी पडला म्हणून भांडायचे. आणि प्रभूलाही शेवटपर्यंत एकट्याने नेता आलं नाही, दुसऱ्याचा खांदा लागला, हे मी लहानपणापासून ऐकते आहे. त्याने तो खांदा नाकारला असं कुठे लिहिलेलं नाही. मी मात्र अक्कांना, नवऱ्याला, सगळ्यांना दारातून परत पाठवून एकटीने वाहत बसले, आणि त्यात जे माझ्या खांद्यावर होतं असं मी समजत होते, ते ऐकत होतं. यातली कुठली गोष्ट तुम्ही मला शिकवायला विसरलात आणि कुठली मी विसरले, कोण जाणे. मला एवढा विचार करायचं त्राणही नाही.

आता गुरुवारी अक्का बसतात. हे रविवारी आईंना न्हायला उचलतात, वाकड्या पाठीने, ओरडा खात. मी गुरुवारी फारशी कुठे जात नाही. खाली बागेत बाकावर बसते आणि लोकांची कुत्री बघते.

गेल्या आठवड्यात काका आले. नेहमीसारखे पलंगाभोवती उभे राहिलो. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली, "प्रभू, ताईंचा हा वधस्तंभ..." मी मध्येच म्हणाले, "काका, वधस्तंभ नाही. या माझ्या सासूबाई आहेत. प्रार्थना त्यांच्यासाठी करा, मी नंतर." काका गोंधळले. त्यांनी एक डोळा उघडला. प्रार्थना अजून पुढे सरकलीही नव्हती, तेवढ्यात पलंगावरून ठणठणीत आवाज आला, "आमेन."

सगळे हसले, मीही. त्या रात्री आईंनी पेज पूर्ण संपवली. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही. काकांना ते वाक्य बोलताना मला ते खरं वाटत नव्हतं, बाई. आईंना ऐकू जावं म्हणून मी ते बोलले. अजूनही रोज सकाळी त्यांच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी ते मनात एकदा म्हणते, आणि कधी खरं वाटतं, कधी नाही.