बादलनं मले पळताना पाह्यलं

५ डिसेंबर

आज पह्यल्यांदा पळालो. नाल्याच्या रपट्यापासून, त्या बुटक्या पुलापासून, आपल्या वावराच्या फाटकापर्यंत, अन् परत. आता रपट्यावर बसलो आहो. धाप काही जाईना, म्हणून खिशातली डायरी काढली.

डॉ. म्हणे, अटॅकले तीन महिने झाले, स्टेंट चांगला बसला, आता नुसतं चालून भागत नाही, हळूहळू पळा. मी म्हटलं, साहेब, दिवसभर वावरातच तर असतो. म्हणे ते काम झालं, व्यायाम नाही झाला. फरक विचारायची हिंमत नाही झाली.

शेजारच्या वावरातले गजूभाऊ मोटरसायकलवर भेटले. गाडीच थांबवली.

"का बे दिलीप, कुठी आग लागली?"

"नाई भाऊ. व्यायाम."

"मागं कोणी लागलं नाही?"

"नाई."

"मंग कायले पळतं?"

हसत गेले. 

६ डिसेंबर

बादलचं लिहायचं आहे, आपल्या बैलाचं.

त्याचा जोडीदार पवन पावसाळ्यात लम्पीनं गेला. तवापासून बादल असाच. कडबा टाकला तं तोंड लावते, नाही टाकला तं मागत नाही. माश्या बसल्या तरी शेपटी हलवत नाही. कुंदा म्हणते, "मालक अन् बैल, दोघंबी एकसारखेच होऊन बसले." बायको आहे, बोलणारच. पण खोटं नाही.

आज वावरातल्या कोठ्यासमोरून पळत गेलो तं हा एकदम उठून उभा. कान ताठ. दाव्याले हिसके. उभ्या जागी मुतला. मी थांबलो, जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला, तं सारं अंग थरथरून राह्यलं होतं.

कुंदा म्हणे, साप दिसला असन.

साप नव्हता. मीच होतो.

८ डिसेंबर

कापूस वेचता वेचता डोक्यात तेच.

बादल-पवन चार हिवाळे शंकरपटात, छकड्याच्या शर्यतीत, पळाले. मागं छकड्यावर मी. म्हणजे बादलनं मले पळताना कधी पाह्यलंच नाही. ऐकलं फक्त. मागून येणारा आवाज, हाकलणारा. त्याच्या हिशेबानं पळणं म्हणजे मागं कोणीतरी असणं. हौसेनं पळायचं, अंगाले बरं म्हणून पळायचं, हे त्याले कोण सांगन? आता त्यानं पाह्यलं का मालकच पळून राह्यला. मागं तं कोणी दिसत नाही. मंग ते केवढं असन, जे दिसत बी नाही अन् मालकाले पळवते?

बैल असा विचार करते का, मले माहीत नाही. पण थरथरला तं खरा.

अन् चुकलं काय त्याचं. मागं आहेच ना कोणीतरी. सकाळी डोळा उघडला का पह्यला हात छातीवर जाते, चालू आहे का बंद.

११ डिसेंबर

रस्ता बदलला. कोठा टाळून दारव्ह्याच्या डांबरी रोडनं पळतो. ट्रकवाले हॉर्न मारतात. कुत्रे मागं लागतात. त्याईचं बरोबरच आहे म्हणा, जो पळते तो चोर.

कुंदाले समजलं.

"कोठ्याकडून काहून नाही पळत?"

"बादल भेते."

"बैल भेते म्हणून रस्ता बदलला. मी इतकी भेतो, माह्यासाठी कधी बिडी बदलली का?"

बिडी तं अटॅकनंतर सोडली. पण तिनं सांगितलं म्हणून नाही, हे बी खरं.

१४ डिसेंबर

यवतमाळले जाऊन आलो. पुन्हा इको काढला. डॉ. स्क्रीनकडे पाहत होते, मी डॉ.च्या तोंडाकडे. काही सुधारलं नाही. हृदय जेवढं दाबते तेवढंच दाबून राह्यलं. "सोडू नका, चालू ठेवा," एवढंच.

पोरीले भेटलो. समीक्षा तिथंच कॉलेजले आहे, होस्टेलवर राह्यते. चहा पेता पेता म्हणे, "बाबा, मी घरी येऊन राहू का? परीक्षा बाहेरून देईन."

"काहून?"

ती माह्या छातीकडे पाहत राह्यली. मले समजलं काहून. ते डोक्यावरून हात फिरवून घेण्याचं वय राह्यलं नाही तिचं, नाहीतर...

एसटीत खिडकीले डोकं टेकवून आलो. जगायसाठी पळायचं. पण जगून काय करायचं हे कोणत्या चिठ्ठीवर लिहून नाही देलं. असं वाटणं बरं नाही, हे बी समजते. समजून काही होत नाही.

१८ डिसेंबर

गजूभाऊ घरी आले. जानेवारीत पट आहे. त्याईच्या शेऱ्या बैलाचा जोडीदार लंगडून राह्यला, म्हणून बादल मांगते.

"एकटा बांधून मारतं का त्याले? जोडी भेटली का जीव येईन त्याच्यात."

कुंदा चहाचे कप उचलता उचलता बोलली, "नका देऊ." 

"वहिनी, पटाचा बैल आहे तो. पळण्याची हौस असते त्याईले."

हे तं मीच साऱ्याइले सांगत आलो. बादलले पळायची लय हौस, छकडा जुंपायच्या आधीच खुरं आपटते.

जीव येईन, हा शब्द लागला मले. हो म्हटलं.

कुंदा आतून म्हणे, "डॉक्टरनं तुमाले पळवलं, आता तुमी त्याले पळवा."

२१ डिसेंबर

आज गजूभाऊच्या पडीत वावरात पळवून पाह्यलं.

छकड्यावर गजूभाऊ. मले दणके चालत नाही, म्हणून मी पल्ल्याच्या दुसऱ्या टोकाले उभा. बादलले जुंपलं तं खुरं आपटली. गजूभाऊ दुरून ओरडले, "पाह्य, आला का नाही जीव!"

सुटले.

मी आजपर्यंत त्याची पाठ पाह्यली होती. वशिंड, शिंगाइचे मागचे टोक, उडणारी शेपटी. तोंड आज पाह्यलं. डोळे बाहेर आलेले, पांढरे. नाकपुड्या फाकलेल्या. जीभ एका बाजूनं. जो माणूस धावत येऊन वाचवा म्हणते त्याचं तोंड असंच असते.

त्यानं मले पाह्यलं. हे पक्कं. पाह्यलं अन् आपला तास, पळायची पट्टी, सोडून तिरपा माह्याकडे यायले लागला. शेऱ्या सरळ, हा तिरपा. छकडा कलंडला. गजूभाऊ उडी मारून बाजूले झाले, बादल जूसकट समोरच्या पायावर पडला.

पुढचं लिहत नाही. 

२२ डिसेंबर

ढोराचे डॉ. आले. हाड तुटलं नाही, पण पुढचा पाय खांद्यातून गेला, आतल्या शिरा दबल्या. इंजेक्शनं देली. "उभा राह्यला तं वाचला. पडून राह्यला तं एवढ्या वजनानं आतूनच सडते."

बैलबंडीत घालून आपल्या कोठ्यात आणला. गजूभाऊ दिवसभर होते.  जाताना टोपी काढून हातात धरून उभे, "दिलीप, मी..." मी म्हटलं, भाऊ, मीच हो म्हटलं होतं.

२५ डिसेंबर

पडूनच.

दिवसातून चारदा कूस बदलाव लागते. मी, कुंदा, गजूभाऊ. मले जोर लावू देत नाही दोघंबी, मी फक्त मुंडकं धरतो. मांडीवर घेतलं का डोळे मिटते. श्वास गरम लागते हाताले. खालच्या बाजूनं कातडी लाल झाली.

पळायले गेलो नाही. चार दिवस झाले. डॉ.ची गोळी बी काल राह्यली.

कुंदानं पकडलं आज. कोठ्यातच, बादलच्या पुढ्यात.

"चला, बूट घाला."

"त्याले सोडून कसा जाऊ?"

"मी आहो ना त्याच्याजवळ."

"मन नाही वं माहं."

"मन असून कोण पळते? तुमी पळाले नाही तं तुमाले बी असंच पालथं-उलथं कराव लागन मले. पडलेला एक पुरे आहे मले."

आवाज चढला नव्हता तिचा. मी बूट घातले.

२७ डिसेंबर

समीक्षा आली. होस्टेलचं काही विचारलं नाही, तिनं बी सांगितलं नाही. आल्या आल्या कोठ्यात गेली, बादलच्या गळ्यात हात टाकून बसली. लहानपणी ह्याच्याच पाठीवर बसवत होतो.

छताच्या आड्याले पट्टे बांधून उचलून पाह्यला. मागचे दोन पाय टेकवले, समोरचा लटकला. वासरू रडते तसा आवाज काढला. खाली सोडला.

समीक्षा म्हणे, "बाबा, त्याले दुखते."

गजूभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे.

२९ डिसेंबर

ढोराचे डॉ. पुन्हा. खालच्या बाजूले जखमा झाल्या. पाण्याले तोंड लावत नाही. म्हणे उद्या दुपारी येतो, तोवर ठरवा, इंजेक्शन आहे, तरास होत नाही.

 डॉ. बॅग उचलून गेले.

कुंदानं सरकीची ढेप भिजवली, हातानं चारून पाह्यली. बाजूनं गळून पडली सारी. पुसलं, पुन्हा चारली.

मी पाहत होतो, मनात वाटे, तुले कोणी विचारलं नाही रे, पळतं का म्हणून. मले बी नाही विचारलं. बस, एवढंच वाटे सारखं.

३० डिसेंबर

सकाळ. रपटा.

कुंदानंच पाठवलं. मी नाही म्हटलं तं बूट आणून पायाजवळ ठेवले. समीक्षा अन् ती, दोघी कोठ्यात आहे. पाणी पाजून पाहतो म्हणे.

आज कोठ्यासमोरूनच पळालो. बादलची मान जमिनीले टेकलेली. कान हलला का नाही, नीट दिसलं नाही. थांबाव वाटलं. कुंदानं हात हलवला, जा.

इथपर्यंत आलो. छाती ठणकून राह्यली. धाप नाही, ते आतलं. बसून लिहतो. धुकं आहे. तुरीच्या शेंगा ओल्या. पलीकडं कोणाची तरी पाण्याची मोटर चालू झाली.

दुपारी डॉ. येईन. काय सांगू त्याले, मी अजून ठरवलं ना...

कुंदा येऊन राह्यली. वावराच्या धुऱ्यावरून, बांधानं. पळत. पदर खोचलेला, चप्पल एकच पायात. एक हात वर करून काही ओरडून राह्यली, मोटरच्या आवाजात ऐकू येत नाही. बादल उठला का गेला? पळण्यावरून समजत नाही. दोन्हीले माणूस असंच पळन.

मी उठतो.